काकवीशी काय जुळतं?
वाचकांचे प्रश्न : कविता, गाणी आणि खाण्याचे शब्द

या महिन्याच्या बहुतेक पत्रांत एकच अडचण आहे. गाणं, पोवाडा, अभंग किंवा दुकानाची पाटी लिहायला घेतली, ओळीच्या शेवटी आपल्याकडच्या खाण्यातला एखादा शब्द आला आणि त्याला यमक मिळेना. पूर्ण यमक नसेल तर जवळचं यमक कसं शोधायचं, त्यातलं कोणतं चालतं आणि कोणतं कानाला खटकतं, ते या उत्तरांत मांडलं आहे.

प्रश्न : शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी पाचवीच्या मुलांचं गुऱ्हाळावर गाणं लिहिते आहे. ऊस, रस, गूळ यांची कडवी झाली. ‘काकवी’वर मात्र अडले. ‘हवी’ आणि ‘नवी’ वापरून पाहिलं, पण मुलं म्हणतात तेव्हा यमक लागतच नाही. काय करावं? (शिक्षिका, कागल)

आधी ‘हवी’ का लागत नाही ते पाहू, त्यातूनच वाट सापडते. आपण लिहितो ‘काकवी’, पण बोलताना मधला ‘अ’ गळतो आणि उच्चार ‘काक्‌वी’ होतो. भाकरीचं ‘भाक्‌री’ आणि पालवीचं ‘पाल्‌वी’ होतं, तसंच. ‘हवी’मधला ‘ह’ मात्र पूर्ण उच्चारला जातो. म्हणजे बोलण्यात दोन्ही शब्दांत सारखं उरतं ते फक्त ‘वी’, आणि तेवढ्यावर यमक उभं राहत नाही. चालीत सावकाश गायलं आणि का-क-वी अशी तिन्ही अक्षरं सुटी झाली, तर तेच ‘हवी’ बऱ्यापैकी जुळतं. म्हणून पहिला निर्णय हा घ्या : मुलं हे गाणं गाणार आहेत की तालावर म्हणणार आहेत? तुमच्या पत्रावरून म्हणणार आहेत असं दिसतं. तर मग ‘काक्‌वी’ला जोड शोधायची.

कागद घ्या आणि शब्द बोलतो तसा लिहा. आता त्यातला शेवटचा जोरकस स्वर शोधा. इथे तो ‘का’मधला ‘आ’ आहे. तिथपासून पुढचं सगळं, म्हणजे ‘आक्‌वी’, ही शब्दाची शेपटी. यमक शेपटीचं असतं, सुरुवातीचं व्यंजन वेगळंच हवं. आता क, ख, ग, घ पासून ळपर्यंत एकेक व्यंजन शेपटीला लावून मोठ्यानं म्हणा : खाकवी, गाकवी, घाकवी, चाकवी… बहुतेक निरर्थक निघतात. त्यातच ‘वाकवी’ सापडतो, आणि तो पूर्ण यमक आहे :

वारा उसाला वाकवी
काहिलीत ये काकवी

काहिल म्हणजे उसाचा रस आटवायची मोठी कढई. दोन्ही ओळी ८-८ अक्षरांच्या आहेत. एक सावधगिरी बाळगा. ‘वाकवी’ हे ‘वाकवतो’चं जुनं, कवितेतलं रूप आहे. तुमची बाकीची कडवी ‘करतो, आणतो, पळतो’ अशी आजच्या बोलीत असतील, तर हे एकटं रूप यमकासाठी ओढून आणल्यासारखं दिसेल. तसं असेल तर आणखी दोन-तीन ठिकाणी ‘नाचवी, हलवी, फिरवी’ अशी रूपं घाला, म्हणजे गाण्याची भाषा एकसारखी वाटेल. ते नको असेल तर हे यमक सोडून द्या.

पुढची पायरी शेपटीतलं व्यंजन शेजारच्या व्यंजनानं बदलण्याची. सगळ्यात जवळचा शेजारी म्हणजे त्याच वर्गातला महाप्राण : क-ख, ग-घ, ट-ठ, ड-ढ, त-थ, प-फ. मराठी बोलण्यात शब्दाच्या मध्ये आणि शेवटी महाप्राण तसाही हलका होतो, त्यामुळे ही अदलाबदल कानाला जवळजवळ कळत नाही. ‘काकवी’ला ‘चाखवी’ मिळतो :

आजी नातवा चाखवी
बोटभरून काकवी

याहून एक पायरी लांब म्हणजे त्याच वर्गातले घोष-अघोष, क-ग, ट-ड, त-द, प-ब. त्याच्या आसपासच ल-ळ, न-ण आणि श-स हे शेजारी. ‘ष’ मात्र आज बोलण्यात ‘श’सारखाच असतो, त्यामुळे श-ष हे यमक पूर्णच धरा.

मुलांच्या गाण्यासाठी आम्ही यातलं काहीच निवडणार नाही. आमची पसंती ‘भाकरी’ला आहे :

तव्यावरची भाकरी
वाटीमधली काकवी

काकवीतला ‘व’ आणि भाकरीतला ‘र’ एकमेकांचे शेजारी नाहीत, तरी हे जुळतं. ‘आ’ तोच, त्यामागचा ‘क्’ तोच, शेवटचा ‘ई’ तोच. लघुगुरूही तोच : दोन्ही शब्द गुरू-लघु-गुरू, ५ मात्रांचे. बदललं ते एकच व्यंजन, आणि तेही दोन जुळणाऱ्या जागांच्या मध्ये दबलेलं. जवळच्या यमकात स्वर हलू द्यायचा नाही, व्यंजनाला मोकळीक द्यायची. शिवाय काकवी आणि भाकरी ताटात शेजारीच असतात, त्यामुळे ओळ यमकासाठी वाकवावी लागली नाही.

मग ‘काकडी’ का नको, असं कोणी विचारेल. तिथे ‘काक’ हे डोकंच सारखं आहे आणि फरक शेवटाकडे आहे. कानाला तो अनुप्रास ऐकू येतो, यमक नाही. भरभर म्हणताना मुलांची जीभही अडखळेल.

‘पालवी’, ‘मानवी’, ‘लाघवी’, ‘पाशवी’ हे आ-अ-ई स्वरांचे शब्दही यादीत येतात. यातला ‘पालवी’ एखाद्या कडव्यात चालेल. तीन कडव्यांत तीन वेळा असं सैल यमक आलं, तर ऐकणाऱ्याला यमक आहे हेच कळणार नाही. एक सैल जोडी आली की पुढची जोडी घट्ट द्या.

ओळींचा क्रमही महत्त्वाचा आहे. तडजोडीचा शब्द आधी आणि खरा शब्द नंतर ठेवा. ‘चाखवी’ आधी ऐकला की कान पुढच्या शब्दाची वाट पाहतो आणि ‘काकवी’ आल्यावर ती जागा भरते. उलट केलं, तर ‘काकवी’ ऐकून झाल्यावर आलेला ‘चाखवी’ भरतीचा वाटतो. ज्या शब्दासाठी सगळा खटाटोप केला, तो नेहमी दुसऱ्या ओळीत ठेवा.

शेवटी अर्थाचं. गूळ आळण्याआधी काहिलीतून काढतात ती काकवी. ती ओघळते, तिची धार पडते, ती चाटतात, तिच्यात भाकरी बुडवतात. ‘फोडली’, ‘ठेवली रचून’ ही गुळाच्या रव्याची क्रियापदं काकवीला लावू नका. गुऱ्हाळावरच्या मुलांना ती चूक लगेच कळेल. ‘गुऱ्हाळ’ हाच शब्द शेवटी आला तर ‘दुधाळ’ आणि ‘सुकाळ’ घ्या : उ-आ हे दोन्ही स्वर जुळतात, आणि ‘ऱ्हा’मुळे मागच्या ‘गु’वर आघात येत नसल्यानं मात्राही ४-४ राहतात. ‘रसाळ’ त्यांच्यानंतरचा.

प्रश्न : ‘ठेचा’ला मी ‘ऋचा’ जुळवलं. लिहिताना दोन्हीकडे ‘चा’ आहे, मागचा स्वरही फार लांबचा नाही. तरी वाचून दाखवताना मित्रांनी हटकलं. त्यांचं बरोबर का? (महाविद्यालयीन विद्यार्थी, कोल्हापूर)

त्यांचं बरोबर आहे. मराठीत ‘च’ एकच लिहितात, उच्चार दोन आहेत. ‘चूल’, ‘चाक’, ‘चोर’, ‘काच’ यांत जीभ दातांमागे लागते. ‘चार’ हा आकडा, ‘चित्र’, ‘चंद्र’ यांत ती टाळूकडे जाते. ‘ठेचा’तला च चुलीच्या जातीचा आहे, ‘ऋचा’तला चंद्राच्या. डोळ्यांना यमक दिसतं, कानाला भेटत नाही. ‘वाचा’ या एकाच शब्दात हा फरक ऐकता येईल : ‘पुस्तक वाचा’ आणि ‘त्याची वाचा गेली’. ठेच्याला पहिला ‘वाचा’ जवळचा, दुसरा नाही. ‘ज’ आणि ‘झ’ यांचंही असंच आहे.

पूर्ण यमक हवं तर ‘वेचा’ आहे. त्याहून मोठा साठा व्याकरणात सापडतो. ज्या स्त्रीलिंगी नामांना विभक्तीआधी ‘ए’ येतो, ती सगळी ठेच्याशी जुळतात : भुकेचा, हवेचा, वेळेचा, भाषेचा, दिशेचा, जागेचा, शेवेचा. प्रत्ययातल्या ‘चा’चा उच्चारही चुलीचाच असतो, त्यामुळे कान अडत नाही.

घास पहिला भुकेचा
भाकरीवरती ठेचा

‘मिरचीचा’ थोडं लांब आहे, कारण ‘ए’च्या जागी ‘ई’ येतो. ई-ए हे शेजारी स्वर असल्यानं ते चालून जातं. ‘लसणाचा’ नको, ‘आ’ फार लांब पडतो. प्रत्ययावरची यमकं हाताशी सहज येतात, म्हणून ती एका कवितेत एकदाच घ्या. दुसऱ्यांदा आली की नुसत्या ‘चा, चा’चा आवाज होतो.

एक बारीक गोष्ट राहिली. शब्दाला प्रत्यय लागून ‘ठेच्याला, ठेच्यावर’ झालं की ‘य’मुळे च टाळूकडे सरकतो. म्हणजे ‘ठेचा’ला जमलेली जोड ‘ठेच्या’ला जमेलच असं नाही. रूप बदललं की पुन्हा मोठ्यानं म्हणून बघा.

प्रश्न : आमच्याकडे ठेच्याला खर्डाच म्हणतात. कवितेत ‘खर्डा’ लिहावं की ‘खरडा’? दोन्ही लिहून पाहिलं, तर एके ठिकाणी वृत्त बसतं आणि दुसरीकडे मोडतं. यमकही सापडत नाही. (इचलकरंजी)

बोलण्यात दोन्ही एकच, कारण ‘खरडा’तला मधला ‘अ’ गळून उच्चार ‘खर्‌डा’च होतो. वृत्तात मात्र ते दोन वेगळे शब्द आहेत. ‘खर्डा’त जोडाक्षरामुळे ‘ख’ गुरू होतो : गुरू-गुरू, अक्षरं २, मात्रा ४. ‘खरडा’ म्हणजे लघु-लघु-गुरू : अक्षरं ३, मात्रा पुन्हा ४. त्यामुळे पादाकुलकासारख्या मात्रावृत्तात कोणतंही रूप घाला, हिशेब बिघडत नाही. अभंग-ओवीत अक्षरं मोजतात, तिथे एका अक्षराचा फरक पडतो, आणि तो सोयीचाही ठरतो : ओळ एका अक्षरानं कमी पडली तर ‘खरडा’, जास्त झाली तर ‘खर्डा’. अक्षरगणवृत्तात लघुगुरूंचा क्रम ठरलेला असतो, तिथे मात्र निवड उरत नाही. भुजंगप्रयातात (लघु-गुरू-गुरू असे ४ गण) शेवटाला दोन गुरू लागतात, तिथे ‘खर्डा’च हवा :

नको लाज वाटून घेऊस मर्दा
भुकेल्या जिवाला पुरे एक खर्डा

‘मर्दा’ हे जवळचं यमक. ‘अर्‌’ तसाच, ‘ड’च्या जागी ‘द’, शेवटचा ‘आ’ तसाच, दोन्ही गुरू-गुरू. कोल्हापुरी हाक असल्यानं ओळीत घरच्यासारखा बसतो. ‘जर्दा’ही याच मापाचा आहे. ‘करडा’ आणि ‘भरडा’ ही उच्चारानं पूर्ण यमकं आहेत, पण ती ‘खरडा’ या रूपाशी लावा, म्हणजे लघुगुरूही जुळतील. ‘ओरडा’ लांबचा, कारण ‘अ’चा ‘ओ’ झाला. मात्र चढ्या आवाजात म्हणायच्या शाहिरी ओळीत तो निभावतो.

एकाच कवितेत एकीकडे ‘खर्डा’ आणि दुसरीकडे ‘खरडा’ छापून आलं, तर वाचणाऱ्याला मुद्रणदोष वाटेल. वृत्तासाठी रूप निवडलंत की शेवटपर्यंत तेच ठेवा.

प्रश्न : माझं मिसळीचं छोटं दुकान आहे. बाहेरच्या पाटीवर दोन ओळी लिहायच्या आहेत. ‘मिसळ’ला ‘उसळ’ सोडून काही आहे का? (कोल्हापूर)

‘मिसळ’ला अर्थासकट पूर्ण यमक एकच सापडतं, ते म्हणजे ‘विसळ’. भांडी विसळायची आठवण करून देणारा शब्द खाण्याच्या पाटीवर नको. ‘भेसळ’ उत्तम जवळचं यमक आहे : इ-ए शेजारी, ‘सळ’ तोच. पण तो शब्द ‘नाही’ लावूनसुद्धा पाटीवर आणू नका. रस्त्यावरून जाताना माणूस मोठा शब्द वाचतो, त्यापुढचा नकार वाचत नाही. ‘ढिसाळ’ अर्थानंही वाईट आणि ध्वनीनंही सैल, कारण अ-आ हे स्वर लिहायला शेजारी असले तरी ऐकायला लांब आहेत. राहिलं ‘निखळ’. ते अर्थानं चांगलं आहे, पण ‘स’ आणि ‘ख’ यांत फार अंतर आहे.

अशा वेळी शेवटचा शब्दच बदलावा. मिसळ ओळीच्या मध्ये घ्या, नाहीतर दुकानाच्या नावात ती आहेच, आणि शेवटाला ‘कट’ आणा. ‘कट’ला यमकं भरपूर आहेत, आणि तीही स्वयंपाकघरातली : तिखट, आंबट, खारट, तुरट. शिवाय झटपट, वट. पाटीसाठी हा नमुना पाहा :

मटकी मऊ, शेव तिखट
वाटीत वेगळा लाल कट

दोन्ही ओळी १० अक्षरांच्या आहेत. ‘तेलकट’ यमकात बसतो, पाटीवर नको. ‘घट्ट’ आणि ‘हट्ट’ ‘कट’शी लावताना जपून : दुहेरी ‘ट्ट’ थांबतो आणि ‘कट’ चटकन संपतो, त्यामुळे ताल अडतो. ‘झणझणीत’वर ओळ संपवली तर खणखणीत, सणसणीत, दणदणीत, ठणठणीत रांगेनं मिळतील. ती इतक्या पाट्यांवर आहेत की डोळा त्यांच्यावरून घसरून जातो.

प्रश्न : गझलेचा मतला (पहिला शेर) ‘रस्सा’ आणि ‘किस्सा’ या काफियांवर (यमकाच्या शब्दांवर) बांधला. दोष आहे असं सांगितलं गेलं. नेमका कुठे? (गडहिंग्लज)

अलामतीत. दोन्ही काफियांत सारखा भाग ‘स्सा’ आहे, आणि त्याच्या आधीचा स्वर (हीच अलामत) सारखा असायला हवा. ‘रस्सा’त तो ‘अ’ आहे, ‘किस्सा’त ‘इ’. गाण्यात ही जोडी चालली असती, कारण शेवटचा भाग ठळक आहे. गझलेत मतला हा पुढच्या सगळ्या शेरांसाठी दिलेला शब्द असतो, म्हणून तिथे सैलपणा चालत नाही. ‘हिस्सा’ आणि ‘गुस्सा’ यांचंही तेच.

दोन वाटा आहेत. पहिली वाट अलामत ‘अ’च ठेवण्याची. ‘रस्सा’ला जोर देऊन उच्चारलेली ‘अस्सा, तस्सा, कस्सा’ ही बोलीतली रूपं पूर्ण जुळतात, आणि रस्श्यावरच्या गझलेत ती शोभूनही दिसतात. पण साठा तिथेच संपतो, पाच शेर होणं कठीण. दुसरी वाट स्वरकाफियाची. मतल्यातच एका बाजूला ‘रस्सा’ आणि दुसऱ्या बाजूला ‘वाटा’ किंवा ‘घोटा’ घ्या. मग बांधिलकी फक्त शेवटच्या ‘आ’शी राहते आणि पुढे किस्सा, पाला, धागा काहीही घेता येतं. अट एवढीच की मतल्यातल्या दोन काफियांत ‘आ’शिवाय काही सारखं नसावं. चुकून ‘रस्सा-ठसा’ घेतलंत, तर ऐकणारा ‘सा’ पक्का धरून बसेल आणि तिसऱ्या शेरात अडखळेल. स्वरकाफिया घेतला तर रदीफ, म्हणजे काफियानंतर दर वेळी तसाच येणारा शब्द, थोडा मोठा ठेवा. काफिया हलका झाला की गझलेचा तोल रदीफ सांभाळतो.

प्रश्न : पोवाड्यात तांबडा आणि पांढरा रस्सा दोन्ही आणायचे आहेत. दोन्हींना स्वतंत्र यमकं शोधतो आहे. (हौशी शाहीर, करवीर तालुका)

शोधू नका, ते दोघं एकमेकांचेच जोडीदार आहेत. तां-ब-डा, पां-ढ-रा : स्वरांची रांग दोन्हीकडे आं-अ-आ. दोन्ही बोलताना मधला ‘अ’ सारखाच गाळतात. शेवटचे ‘ड’ आणि ‘र’ हे जिभेच्या हालचालीनं जवळचे आहेत, कारण दोन्हींत जीभ वर जाऊन झटकन खाली येते. म्हणून ‘एका वाटीत तांबडा, दुज्या वाटीत पांढरा’ असं म्हटलं की वेगळं यमक न शोधता कान भरतो. त्यातून झीलकरी (शाहिराच्या मागे साथ धरणारे) ‘जी जी’ धरताना शेवटचा ‘आ’ लांबवतात आणि ड-रमधला उरलेला फरकही झाकला जातो. डफाची थाप मात्र ‘तां’ आणि ‘पां’वर पडू द्या, सारखेपणा तिथे सगळ्यात जास्त आहे. थाप ‘डा’ आणि ‘रा’वर पडली तर नेमका फरकच उघडा पडतो.

तरी वेगळी यमकं लागलीच तर ‘पांढरा’ला ‘पांगरा’ चांगला. लाल फुलांचं हे झाड पांढऱ्याशेजारी रंगही आणतं. अनुस्वार सोडला तर साजरा, लाजरा, हासरा, बावरा ही मोठी रांग मोकळी होते, आणि गाताना अनुस्वाराची उणीव फारशी जाणवत नाही. ‘तांबडा’ला ‘लांबडा’ पूर्ण जुळतो, पण गावाकडे लांबडं म्हणजे साप, तेव्हा जेवणाच्या कडव्यात तो नको. ‘कोंबडा’ जवळचा. ‘आं’चा ‘ओं’ झाला तरी ‘ंबडा’ एवढा ठसठशीत आहे की भागतं. पण कडवं मटणाचं असेल, तर कोंबडा आणून अर्थ बिघडवू नका.

प्रश्न : रेणुकेच्या आंबील यात्रेसाठी अभंग लिहायचा आहे. ‘आंबील’ शेवटी आला की पुढे सरकता येत नाही. (गृहिणी, कोल्हापूर)

‘आंबील’ दिसतो तेवढा अवघड नाही, कारण मराठीचा भविष्यकाळच ‘-ईल’ आणि ‘-एल’वर संपतो. सांगील, मांडील, बांधील यांत ‘आं’ही आहे आणि ‘ईल’ही, बदलतं फक्त मधलं व्यंजन. ‘थांबेल’मध्ये उलट आहे : ‘आंब’ पूर्ण जुळतो आणि ई-ए हा शेजारी स्वर बदलतो. ऐकायला हाच सगळ्यांत जवळचा. यमकासाठी ‘थांबील’ करू नका, ते रूप चुकीचं आहे.

मोठ्या अभंगात पहिले ३ चरण ६-६ अक्षरांचे, चौथा ४ अक्षरांचा, आणि यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणांत :

ओढ्यावर गर्दी
घागरी आंबील
भुकेला थांबेल
तुझ्या दारी

अभंगात यमकाचे दोन चरण लागोपाठ येतात, मध्ये दुसरी ओळ नसते. त्यामुळे तिथे जवळचं यमक जास्त उघडं पडतं. स्वर नाहीतर व्यंजन, एकच गोष्ट बदला. ‘आंबील’ला ‘सामील’ लावलं तर अनुस्वार गेला आणि ‘ब’चा ‘म’ही झाला. दोन बदल झाले, आणि यमक तुटलं. मात्र तेच ‘सामील’ एका चरणाच्या अंतरावर आलं असतं, तर कानानं घेतलं असतं. चौथा चरण यमकात बांधायचा मोह टाळा. तो मोकळा असतो म्हणूनच अभंगाला थांबायला जागा मिळते.

थोडक्यात

*सांडगा :* लांडगा, दांडगा ही पूर्ण यमकं. जवळचं यमक ‘रांगडा’ : स्वर तेच, फक्त ‘ग’ आणि ‘ड’ यांनी जागा बदलल्या आहेत. गाण्यात छान लागतं.

*हुलगा :* ‘मुलगा’ पूर्ण जुळतो. ‘फुलका’ जवळचा (ग-क). हुलग्याचं *माडगं* हवं असेल तर गाडगं, वाडगं दोन्ही पूर्ण जुळतात आणि दोन्ही माडग्याच्या कामाची भांडी आहेत. पण ‘माडगे’ असं छापलंत तर जोडही ‘वाडगे’च करा, एकीकडे ‘गं’ आणि दुसरीकडे ‘गे’ ठेवू नका.

*येसर :* ‘केसर’ पूर्ण, ‘केशर’ जवळचं. लिहिताना ‘केशर’च लिहा, अर्थ लगेच लागतो.

*घुटं :* सुटं पूर्ण. ‘कुठं’ जवळचं (ट-ठ), आणि प्रश्नार्थक असल्यानं ओळीला चांगला शेवट देतं.

*भडंग :* दंग, अभंग, पतंग, लवंग, मृदंग. साठा मोठा आहे, म्हणून निवड कडक करा. ‘तुरुंग’ याच रांगेत अनेकजण घेतात, पण तिथे ‘उं’ आहे, ‘अं’ नाही.

*खांडोळी :* ‘रांगोळी’त अनुस्वारासकट सगळे स्वर जुळतात. आरोळी, चारोळी अनुस्वाराविना, तरी जवळचे.

*लोणचं :* ‘कोणचं’ हे बोलीतलं ‘कोणतं’ पूर्ण जुळतं. दोन तुकड्यांनी बनवलेलं यमक हवं तर ‘फोन’सारख्या शब्दाला ‘चं’ लावा : ‘फोनचं’. ण-न एवढाच फरक राहतो. हे गमतीच्या गाण्यातच शोभतं, आणि तेही लोणचं दुसऱ्या ओळीत ठेवूनच.